बेट

घणसोली, बी विंगची गच्ची, दुपारचा दीड.
पॅनेलवर हात टेकवत नाही इतकं ऊन,
आणि खाली पंप बंद, टाकी कोरडी,
कुणाच्या तरी मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेलं खोबरं.

सेक्रेटरी सबनीस म्हणतात, "मॅडम, सूर्य तर चालू आहे!"
मी म्हणते, हो, त्याचं बिल थकलेलं नाही.
"नऊ लाख घातलेत आम्ही या डबड्यात."
डबडं भिंतीवर, राखाडी, गप्प.
पडद्यावर दोनच शब्द: ग्रिड नाही.

बिघडलेलं नाहीये ते.
आत नखाएवढे सिलिकॉनचे तुकडे आहेत,
सेकंदाला सोळा हजार वेळा उघडझाप करतात,
उन्हाच्या सरळसोट धारेचे काप काढतात,
बारीक, जाड, पुन्हा बारीक,
आणि त्या कापांची लाट होते.
पण लाटेचा ठेका त्यांचा नाही.
बाहेरच्या तारेला कान लावून बसलेले असतात;
तिकडे पन्नासला जरा कमी, तर इकडेही जरा कमी.
तार मुकी झाली
की दोन सेकंदांत हातातलं काम खाली ठेवतात.

नियमावलीत याला म्हणतात: बेट होऊ द्यायचं नाही.
सगळा फीडर अंधारात आणि आपण तेवढे उजेडात,
ते बेट.
माझं माहेर मोऱ्याचं. समोर घारापुरी,
जनरेटरवर संध्याकाळचे तीन तास लुकलुकायची, मग विझायची.
बेट म्हणजे काय, ते मला सबनीसांनी शिकवू नये.

सबडिव्हिजनला फोन लावला. "जंपर जळालाय. मढवी चढलाय."
हसुराम मढवी. मी पाहिलेला नाही.
रबाळ्याच्या मागे कुठल्याशा खांबावर, कमरेला पट्टा,
घामानं चिकटतो म्हणून एक हातमोजा काढलेला
(काढायचा नसतो, काढतात).
त्याला वाटतंय, तार मेलेली आहे.
या गच्चीनं एवढंच करायचं,
त्याचं वाटणं खरं ठेवायचं.

हे मी सबनीसांना सांगितलं, जवळजवळ असंच.
ते पॅनेलकडे बघत राहिले. मग म्हणाले,
"पाणी घेता का? बाटलीतलं आहे."

दोन चाळीसला लाईट आली.
"आता?"
आता थांबायचं. पाच मिनिटं ऐकतं ते आधी,
आलेली खरंच राहणार आहे का.
पडद्यावर आकडे उतरायला लागले,
दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे सत्त्याण्णव,
आणि खाली कुठेतरी
तो मिक्सर सुरू झाला.