बारावा नग

शुक्रवारी, चारच्या आत यायचे हनोककाका अष्टमकर
टेंभी नाक्यावरून चालत माझ्या दुकानात.
शनिवारी ते पैशाला हात लावत नाहीत
आणि हे पैसेच, दोन हजार वर्षांचे झाले म्हणून काय.

तपकिरीच्या डबीतून एकेक काढून काट्यावर ठेवायचे.
शिरस्त्राण घातलेली रोमा.
दोघे घोडेस्वार भाऊ, टोप्यांवर चांदणी.
(अश्विनीकुमार, मी म्हणालो. म्हण तसं, ते म्हणाले.)
नागाला वाटीतून भरवणारी आरोग्याची देवी.
नशिबाची देवी, तिच्या हातात सुकाणू,
ती खाडीवरच्या कोळ्यांना चालली असती.
आणि ही बघ तुझी, तराजूवाली मोनेटा.
पारडी अगदी एका रेषेत.
अशी मी पाहिली नाहीत कधी, निदान बाजारात.

ज्यांच्या घरात एक तसबीर नाही
त्यांच्या खिशात एवढे देव कसे, काका?
'देव कुठले रे. चांदी.
देव असते तर डबीत राहिले असते?'

परवा डबीच उलटी केली.
नात निघाली अश्दोदला, शिकायला.
अकरा नग मी घेतले. भाव पाडला नाही.
बारावा त्यांच्या बोटांतून सुटेना.

ही कोणती देवी?
जमिनीवर बसलेली बाई, गालाला हात,
मागे खांबावर टांगलेली, काढून घेतलेली चिलखतं.
'देवी नाही,' ते म्हणाले. 'आमची आहे.
आधी देऊळ पाडलं. मग हिचं नाणं पाडलं.'

पाडलं.
वीस वर्षं हा शब्द वापरतोय मी.

नाणं उलटलं. राजा.
गालावर छिन्नीचा घाव, सरळ, सरावलेल्या हाताचा.
हा घाव मला कळतो, हा आमच्या धंद्यातला.
आत तांबं निघतं का, ते बघायचं असतं.
सोपाऱ्याला असेल, नाहीतर कल्याणच्या बंदरावर,
कुणी सराफ बसला असेल उन्हात,
त्याने राजाचं नाव विचारलं नाही,
कस विचारला.

काकांनी नखाने घाव चाचपला.
'तुमच्या माणसाने बरं केलं,' एवढंच.

मी भिंग लावून पुन्हा बाईकडे बघितलं.
घाव तिच्यापर्यंत आला नव्हता.
चांदी मात्र तिच्या पाठीशी किंचित फुगली होती.

वहीत लिहिलं: अकरा नग, जमा.
एक परत. तीन ग्रॅम अकरा.
त्यांनी तो डबीत टाकला नाही,
रुमालात बांधला,
आणि उन्हं उतरायच्या आत
घरी निघाले.