तापमानाची वही

काँक्रीटला थंडी सोसत नाही.
ओलं असताना गोठलं
तर वरून दगडासारखं दिसतं
आणि बर्फ वितळायला लागला की हाताने खरवडता येतं.
म्हणून आम्ही त्याला जपतो.
पोटात तार घालतो, तारेत वीज सोडतो,
अंगावर ताडपत्री, भोवती तंबू, तंबूत गॅसची भट्टी,
आणि दर दोन तासांनी कुणीतरी जाऊन
त्याचा ताप बघून येतो,
बाळंतिणीच्या खोलीत जावं तसं
पाऊल न वाजवता.

नोवोसिबिर्स्क. ओब नदीचा डावा काठ.
सतरा मजली होणाऱ्या इमारतीचा चौथा मजला.
रात्रीची वही हकनझरकडे होती,
त्याचं अक्षर चांगलं म्हणून.
रश्तच्या खोऱ्यात तो सहावीच्या पोरांना गणित शिकवायचा,
हे त्याने मुकादम गेन्नादीला कधी सांगितलं नाही.
आम्ही त्याला मुअल्लिम म्हणायचो.
गेन्नादीला वाटायचं, ते त्याचं आडनाव.

खांब बारा. रात्री दहा. बाहेर उणे एकतीस, आत अधिक चोवीस. सही.
खांब बारा. रात्री बारा. बाहेर उणे तेहेतीस, आत अधिक सव्वीस. सही.

एकोणसाठ अंश.
मधे एक ताडपत्री.

त्या रात्री आमच्या कंटेनरचा फ्यूज उडाला होता.
चौदा माणसं बूट घालूनच झोपलेली.
तो म्हणाला, दोनची नोंद करतो
आणि तिथेच जरा टेकतो.
कुणी काही बोललं नाही.
काय बोलणार?
मीही टेकलोय तिथे, आदल्याच आठवड्यात,
खांबाला पाठ लावून.
नान काढून झाल्यावर तंदूरची भिंत जशी राहते
तसा तो खांब,
उठवतच नाही माणसाला.

माझ्या वेळी तंबूला एक फट होती.
वारा शीळ घालत यायचा तिच्यातून, शिव्या घातल्या मी तिला.
हकनझरने ती बुजवली.
चिंध्या कोंबून, वर चिकटपट्टी, कडा बोटाने दाबून दाबून.
कुठलंही काम तो अर्धं सोडत नसे.

दोनची नोंद आहे. आत अधिक सत्तावीस.
चारचीही आहे, सहाचीही आहे,
गेन्नादीच्या अक्षरात, एका दमात लिहिलेली.
वहीत रिकामी जागा चालत नाही.

त्याला बाहेर आणलं तेव्हा गाल लाल होते,
नुकताच पळत आल्यासारखे.
खिशात तीन जर्दाळू आणि पेन.
तिकडे घड्याळ दोन तास मागे.
म्हणजे तिकडच्या वेळेने तो अजून जागा असेल,
नोंद करायची असेल अजून,
असा काहीतरी हिशेब मी उभ्या उभ्या मांडला.
मुअल्लिमने लाल रेघ मारली असती.
मग त्याचा फोन वाजायला लागला.
पडद्यावर मोहिरा, त्याची धाकटी.
शाळेला निघण्याआधी ती पाढे म्हणून दाखवायची त्याला.
आम्ही सगळे फोनकडे बघत उभे.
थांबला. पुन्हा वाजला.
तेराचा पाढा होता बहुतेक.

अठ्ठावीस दिवसांनी काँक्रीटला पुरी ताकद येते.
साहेब आले, खांब बाराला यंत्र लावून बघितलं,
उत्तम, म्हणाले, आणि हातमोजे चढवले.
चाळिसाव्याला तिकडे त्याच्या नावाने ओश शिजला.
इथे आम्ही कढईभर केला,
गाजरं कमी पडली.
त्याच्या बिछान्यावर तोवर कुलोबचा एक पोरगा आला होता,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
तो दोनदा मागून घेऊन जेवला.
बरं वाटलं त्याला जेवताना बघून.

वही आता माझ्याकडे आहे.
माझं अक्षर वाईट,
सातचा एक होतो, गेन्नादी ओरडतो.
नवव्या मजल्यावर पोचलोय आम्ही.
नवा तंबू ठोकला की
मी आधी सुरी काढतो,
माझ्या डोक्याच्या उंचीवर हातभर फट पाडतो,
वारा आत येतो, शीळ घालतो.
खांबाचा ताप एक-दोन अंश उतरतो.
तेवढा उतरलेलाच लिहितो.