आखूड तार

फॅक्टना मुल्वीच्या स्वयंपाकघरात
दर मंगळवारी संध्याकाळी मी बँजो घेऊन जाते.
पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सारून
तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
आमच्या लीट्रिममध्ये चारच असतात, म्हणाला,
ही पाचवी कशाला?

मला सांगता येईना.
ती इतरांसारखी टोकापासून निघतच नाही,
दांड्याच्या मध्यावर कुठूनशी येऊन सामील होते,
सगळ्यांत आखूड आणि सूर सगळ्यांत वरचा.
तिला कुणी दाबत नाही,
फक्त अंगठा जाता-येता छेडतो,
आणि ती आपलं एकच बोलत राहते.
ओकीमामा म्हणायचा,
घरात असं एक माणूस लागतंच.

ओकीमामा, वेस्ट व्हर्जिनियाचा,
खाणीतून आला की आधी नखं घासायचा, मग जेवायचा.
ज्या नखानं वाजवायचं त्यावर कोळसा नको.
त्यानंच दांड्यात एक खिळा ठोकलाय,
खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचा, मुंगीएवढा;
सूर चढवायचा तर आखूड तार त्याच्याखाली अडकवायची.
फॅक्टनाला तो खिळा फार आवडला.
इथले रूळ उखडून नेले मी पोरगा असताना, म्हणाला,
एक खिळा तेवढा तुझ्याकडे निघाला.

त्याचा गज एका ओढीत चार सूर आणतो,
चार भरलेले ग्लास एका हातात आणावेत तसे, न सांडता.
मला प्रत्येक सूर वेगळा ठोकावा लागतो
आणि ठोकला की तो विझायला लागतो.
म्हणून एक या तारेवर, पुढचा शेजारच्या,
पहिला विझायच्या आत दुसरा,
दगडांवरून ओढा ओलांडावा तसं.
चुकले की पाय ओला.

जिग तर छळतेच.
तिचे घास तीन-तीनचे, माझ्या हाताला सवय चाराची.
नको तिथं अंगठा आखूड तारेवर टण्ण करतो,
मिस्सा चालू असताना कुणाचा तरी फोन वाजावा तसा.
फॅक्टना काही लिहून देत नाही.
मी वही काढली की तो किटली चढवायला उठतो.
कान दे, म्हणतो, आणि तोंडानंच धून म्हणतो,
डिडल-डी, आय्डल-डी,
कवळी बशीत काढून ठेवलेली,
त्यामुळे मधले काही सूर नुसत्या फुंकरीचे.
मी घरी जाऊन फुंकरींसकट घोकते.

धुनांची नावं त्याला आठवत नाहीत.
ही ज्याची गाय विहिरीत पडली त्याची.
ही त्याच्याच भावाची, पण ते बोलत नसत.
आणि एक वडिलांची, ती अर्धीच येते.
धुनेच्या दुसऱ्या भागाला इथं वळण म्हणतात.
वळणापाशी येऊन तो थांबायचा,
गज हवेत,
वर कशाला आलो ते विसरून
जिन्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

जानेवारीत त्याची करंगळी आखडली, मग शेजारचं बोट.
तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी
तो थांबला तिथून मी न विचारता पुढे गेले.
ओकीमामाचं काहीतरी होतं, दुसऱ्याच धुनेचं, चाराचं;
तीनात घालताना खांद्यात घट्ट झालं,
पण बटणं लागली.

फॅक्टना ऐकत राहिला.
हे ते नव्हे, म्हणाला.
नाहीच, मी म्हटलं.
अजिबात नव्हे. पुन्हा वाजव.

मी पुन्हा वाजवलं. त्यानं फिडल उचललं,
पण डावी बोटं लावलीच नाहीत;
मोकळ्या तारेवर नुसता गज ओढत राहिला,
एकच सूर,
पहिल्या भागात, वळणात, परत पहिल्यात.

किटली कधीची शिट्टी घालत होती.
मी अंगठा उचलून
बाजूला ठेवला.