अकरा घोडे

बेडफर्ड, टॅव्हिस्टॉक स्ट्रीट, चौऱ्याऐंशी साल.
पोलिसांनी माझ्या दुकानातून सव्वीस कॅसेटी नेल्या
आणि पावती दिली.
कॉन्स्टेबल प्रिचर्डचं अक्षर वळणदार, शाळामास्तराचं:
'भिंतीआडची बाई', प्रत एक,
दिग्दर्शक वॉल्ट हॅडली, अमेरिकन.

मी ती पावती रागानं काचेवर चिकटवली.

मंगळवारी एक म्हातारा आला.
भर जूनमध्ये ओव्हरकोट, खिशात संत्र्याची सालं.
चष्मा कपाळावर सारून त्यानं पावती वाचली,
पुन्हा वाचली,
म्हणाला, अमेरिकन नाही.
मी.

ओत्तोरीनो ब्राकालेन्ते.
धाकटा भाऊ सबातिनो इथल्या भट्टीवर, एक्कावन्न सालापासून.
चार वर्षांच्या करारावर आला
आणि तेहतीस वर्षं विटा काढत राहिला.
हा तिकडे रोममध्ये टेक्सास काढत होता.

टेक्सास म्हणजे गावाबाहेरची दगडाची खाण.
घोडे हवे होते चाळीस, मिळाले अकरा.
तेच टेकडीमागून फिरवून पुन्हा आणायचे,
स्वारांच्या टोप्या बदलून.
निर्माता म्हणायचा, इटालियन नावाच्या काउबॉयला
इटलीतसुद्धा कोणी तिकीट काढत नाही.
मग परदेशी फोनबुकात डोळे मिटून बोट ठेवलं: वॉल्ट.
पुन्हा ठेवलं: हॅडली.

मी त्याला आमची म्हण सांगितली,
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
अर्थ फोडून सांगताना माझीच जीभ अडखळली,
कारण डोक्यावर माझीच पाटी होती, 'सँडीज व्हिडिओ',
आणि मी मिरजेचा सदानंद.
तो हसला, हसता हसता खोकला लागला.
कथील बरं, म्हणाला,
माझ्याकडे पुठ्ठा होता.

काउबॉय चालेनात तेव्हा भुतं काढली.
भुतं चालेनात तेव्हा सुरे.
रक्त बिटाचं, साखरेच्या पाकातलं;
दर शॉटआधी स्वतः चाखायचा,
एकदा एका मेलेल्या नटीला मुंग्या लागल्या तेव्हापासून.
एकोणतीस सिनेमे.
बायकोनं दोन पाहिले.

काय आवडलं नाही त्यांना, त्यानं विचारलं.
मी पोलिसांची यादी दाखवली.
मिनिट एकोणीस, जिना.
मिनिट एकेचाळीस, कात्री, फार वेळ.
'फार वेळ'वर त्याचं बोट थांबलं.
एवढं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं, म्हणाला,
त्या हवालदाराला माझ्यातर्फे कॉफी पाज.

शनिवारी तो सबातिनोला घेऊन आला.
भावानं भावाचा एकही सिनेमा पाहिला नव्हता,
भट्टीला रविवार नसतो.
मागच्या खोलीत मी तो टेक्सासवाला लावला, तेवढाच वाचला होता.
ओठ आधी हलत होते, शब्द मागून येत होते,
आणि तेही भलत्याच कुणाचे.
ओत्तोरीनो खुर्चीत आक्रसला. पैसे संपले होते,
सगळे आवाज एका दुपारी उरकले, म्हणाला.
सबातिनो मात्र पुढे सरकून बसला,
दोन्ही तळवे गुडघ्यांवर, विटकरी भेगांचे.
शेरीफ काहीतरी म्हणाला, उशिरा.
सबातिनोचे ओठही हलले.
मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं.
बँकेत मॅनेजरसमोर मी असाच बोलतो.

ऑक्टोबरात ओत्तोरीनो गेला, पुतणीच्या घरी,
टीव्हीवर स्नूकर चालू असताना.
दगडावर या खेपेला खरं नाव,
त्यात एक टी कमी.
सबातिनो चौकशी करून आलाय,
अक्षराला साडेचार पौंड.
विचार चाललाय त्याचा.

पंचवीस कॅसेटी परत आल्या, 'बाई' नाही आली.
दुकान बंद केल्यावर कधी कधी मी टेक्सास लावतो.
गोष्ट आता पाठ आहे, मी घोडेच बघतो.
डावीकडून तिसरा, पुढचे दोन पाय पांढरे:
टेकडीआडून चार वेळा येतो.
तीनदा नुसता पळतो.
चौथ्यांदा येतो तेव्हा
तो खरंच दमलेला आहे.