डावरी गाठ

ओक-बुनची गाठ डावरी आहे.
कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या बंदरात
तशी दुसरी नाही –
डावीकडून वेढा, खालून वर, आणि शेवटी
अंगठ्याच्या नखाने एक चिमटा.
बाप म्हणायचा, तुझी गाठ समुद्रालाही सुटायची नाही.

बापाची जाळी सुती होती.
ओकच्या सालीच्या काढ्यात उकळायची, वाळवायची,
तरी चार मोसमांत चिंध्या.
मग नायलॉन आलं.
बापाने एक धागा ओढून पाहिला, दातांनी चावून पाहिला,
आणि त्या रात्री तांदळाची दारू पिऊन तो रडला :
हे कुजत नाही, पोरी. कुजतच नाही.

गेल्या फेब्रुवारीत सक-जूच्या बोटीने
तळातून एक हरवलेलं जाळं वर आणलं.
धक्क्यावर ढीग पडला. चिखल, शेवाळ, वास.
आत खेकडे – काहींची नुसती कवचं,
काही परवाचे,
एक अजून पाय हलवणारा.
मेलेल्याला खायला जिवंत येतो,
तो अडकतो, त्याला खायला पुढचा.
ओक-बुन उकिडवी बसली, चाकूने शेवाळ खरवडलं.
डावरी गाठ.
नखाचा चिमटासुद्धा.
अकरा वर्षांपूर्वी वादळात तुटलं होतं;
तेव्हा हळहळ वाटली ती पैशांची.

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो.
इथे सुंभच जळायला तयार नव्हतं.

आता सहकारी संस्थेतला पोरगा नवी जाळी घेऊन येतो.
दोन वर्षं पाण्यात राहिली की जंतू खातात म्हणे.
महाग आहेत. फरक सरकार भरेल.
सक-जू विचारतो, खेकडे कमी लागले तर तेही सरकार भरेल?
पोरगा कागद चाळतो.

ओक-बुनने हातभर तुकडा मागून घेतला,
धक्क्याच्या खांबाला बांधून पाण्यात सोडला,
शेजारी नायलॉनचा एक.
चौदा महिने झाले.
दोघांवर सारखंच शेवाळ, सारखेच शिंपले.
थंड पाण्यात वेळ लागतो, पोरगा सांगतो.
ती बोलत नाही. बापासारखी चावून पाहते.
परवा नव्या तुकड्याचा एक पदर
दाताखाली किंचित भुसभुशीत लागला.
किंवा दातच आता पहिल्यासारखे नाहीत.

घरी येऊन ती नवं जाळं मांडीवर घेते.
डावीकडून वेढा, खालून वर –
अंगठा थांबतो.
चुलीवरचा भात करपल्याचा वास येतो
तरी तो तिथेच,
गाठीच्या एक केस वर.