पोटात पाय

मांजरीच्या नर्सरीत तुपेकाका
सकाळी सहालाच मिठाची पिशवी घेऊन उभे.
मी डबा घेऊन त्यांच्या आधी पोचायला बघते.
"फुकट न्या मॅडम, वर चहा घ्या,
शेवंतीची एकूण एक कुंडी चाटून खाल्ली."
मी मॅडम नाही. प्रयोगशाळेत काचा धुते,
उंदरांचे पिंजरे झाडते,
आणि गेल्या श्रावणापासून
गोगलगायींचं सगळं माझ्याकडे.

आज त्रेचाळीस.
एकीचा शंख फुटका. तीही घेतली.

दोन बस बदलून पाषाण. डबा मांडीवर.
शेजारचीनं विचारलं, काय आहे?
म्हटलं, औषध.
झाकणाला आतून काहीतरी चिकटून
सावकाश सरकत होतं.

दिवसभर उपाशी ठेवायचं. मग काकडीची एक चकती.
मग काचेच्या कांडीनं तळव्याला
गुदगुल्या, अगदी हळू.
घाई केली की फेस काढतात.
फेस म्हणजे भीती, आणि भीतीचा चिकटा
शबनम मुलाणी घेत नाही.
तिला हवा नितळ, दोन बोटांत ताणला तर
पाकासारखी एक तार धरणारा.

आमच्याकडे बेरक्या माणसाला म्हणतात,
गोगलगाय, पोटात पाय.
शबनमच्या पुस्तकात हिचं नाव उदरपाद.
म्हणजे तेच की.
मी हसले, तिला वाटलं मला समजलं नाही.

अण्णांना नागीण झाली तेव्हा मी नववीत होते.
डाव्या कुशीतून पाठीकडे निघाली होती.
तोंडाला शेपूट मिळालं की माणूस जातो, असं
गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.
कुणी गेरू लावला, कुणी दूर्वा-तांदूळ वाटून.
मी रात्री बॅटरी धरून मोजायची:
अजून चार बोटं.
अजून चार बोटं आहेत.
नाही मिळालं. अण्णा उठले, गवंडीकामावर गेले.
पण त्या कुशीला आजही
सदरा टेकलेला चालत नाही.

मंगळवारी शबनमनं हाक मारली.
शहाण्णव खळग्यांची प्लेट, माझ्या तळहाताएवढी.
खळग्यात पेशी, पेशींवर विषाणू,
नागिणीच्याच भावकीतला,
आणि वर आमचा चिकटा,
ओळीगणिक पातळ केलेला.
जांभळा रंग ओतून धुतला.
जिवंत असतं ते रंग धरतं.
मेलेलं वाहून जातं.

पहिली ओळ पांढरी. घट्ट चिकट्यानंच
पेशी मारल्या होत्या, विषाणूनं नाही.
दुसरीत नुसते डाग.
तिसरी जांभळी.
चौथी जांभळी, काठोकाठ.
पाचवी किडा लागल्यासारखी भोकाभोकांची,
आणि तिथून खाली
कोरं.

दोनच ओळी.
विष आणि पाणी यांच्या मधे
तेवढीच जागा.
"चार बोटं," मी म्हटलं.
"काय?" शबनम म्हणाली.

होनप सर आले. चष्मा कपाळावर सारून
प्लेट दिव्याकडे धरली, बराच वेळ.
"काचेत जिंकणं सोपं असतं. परत करा. तीनदा."
परत केलं.
दुसऱ्यांदा एकच ओळ आली.
तिसरी खेप व्हायची आहे.

अण्णांना मी काही सांगितलेलं नाही.
फुटक्या शंखाची मात्र
काठाला नवा पापुद्रा धरतेय,
नखाएवढा, दुधी.

आज पोचायला उशीर झाला.
तुपेकाकांनी मिठाची रेघ ओढायला घेतली होती,
शेवंतीच्या वाफ्याभोवती, गोल.
दोनतीन जणी रेघेवरच फेसाळून पडलेल्या.
"झालं का हो औषध?"
"नाही."
"मग?"
मग काय, मलाही सांगता येईना.
"आज थांबा," एवढं म्हटलं.
पिशवी खाली ठेवून ते चहा सांगायला गेले.

रिंगण पुरं झालं नव्हतं.
राहिलेल्या फटीतून एक निघाली होती,
शिंगं पुढे काढून,
मिठाच्या अगदी कडेनं,
मागे ओली रेघ सोडत.
मी डबा तिच्यासमोर आडवा ठेवला
आणि तिथेच उकिडवी बसले.