हिरव्याच्या वर

पाचपावलीच्या पुलाअलीकडे आमची अंगणवाडी.
मंगळवारी वजनं.
आडव्या दांडीला काटा टांगलेला,
निळी झोळी, झोळीतून बाहेर दोन पाय.
पाय थांबेपर्यंत काटा थांबत नाही.
सव्वीस वर्षं मी आधी पाय बघते,
मग काटा वाचते.

सव्वीस वर्षं एकच दिशा शिकले: खाली.
पिवळा पट्टा, त्याखाली नारिंगी.
ठिपका घसरला की त्या घरी जायचं,
मे महिन्यात, चप्पल डांबराला चिकटत असतानासुद्धा,
आणि आईला विचारायचं, तू काय जेवलीस.

प्रांजली धकातेचा शर्विल
दोन किलो शंभर ग्रॅमचा जन्मला.
पहिल्यांदा झोळीत ठेवला
तेव्हा काटा त्याने हलला की पंख्याने, कळेना.
मी म्हटलं, वजन वाढव.
माझ्याच अक्षरात आहे ते कार्डावर,
खाली दोन रेघा ओढलेल्या.

वाढवलं तिने.
अंगावरचं पुरत नाही, असं शेजारणीने ठरवलं.
मग डबा आला, डब्यातला चमचा शिगोशीग.
रडलं, बाटली.
डोळे चोळले, बाटली.
बापाच्या ई-रिक्षाच्या भोंग्याने दचकलं,
बाटली.
सहाव्यात साखरेची पेज,
आठव्यात चहात बुडवलेलं बिस्कीट,
नवव्यात कुणीतरी ओठांना संत्रा बर्फी लावली
आणि त्याचा चेहरा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला.

तीन महिन्यांत ठिपक्याने पिवळा ओलांडला.
मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.
पाचव्यात हिरव्याच्या मधोमध.
मदतनीस म्हणाली, बाळसं धरलं हो.
आज अकरावा.
ठिपका द्यायला गेले
तर पट्टा संपला होता.

हिरव्याच्या वर कागद कोरा आहे.
एका प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर,
डॉक्टरबाई घाईत म्हणाल्या होत्या:
घसरणारा ठिपका बघता तसा
रेघा ओलांडत धावणाराही बघा.
लहान जन्मलेलं फार भरभर भरलं
तर शरीर ते लक्षात ठेवू शकतं.
आमचं लक्ष तेव्हा आपापल्या डब्यांकडे होतं.

मी फळी काढली, टाच टेकवली, लांबी मापली.
मनगटावर दोरा बांधून आवळल्यासारखी वळी.
हसरं लेकरू. कुणाकडेही झेपावतं.
लांबी चारचौघांसारखी.
वजन नाही.

आजी म्हणाली, "काहून बाई,
माह्या नातवाचं बाळसं तुम्हाले पाहवत नाही का?
मरतुकडं होतं तवा तुम्हीच तं रोज येत होत्या!"
बरोबर होतं तिचं.
प्रांजली काही बोलली नाही.
ती कार्डावरच्या त्या दोन रेघा बघत होती.

वाळलेल्या लेकरासाठी किती शब्द आहेत आपल्याकडे,
काडी, किरकिरं, रोडावलेलं, खंगलेलं.
भरलेल्याचे मात्र सगळे लाडाचे.
गुटगुटीत. गब्दुल. बाळसेदार.
यातल्या कुठल्या शब्दात काळजी घालून देऊ?

म्हटलं, उपाशी नाही ठेवायचं.
रडणं आधी ऐक,
भूक आहे, झोप आहे, की नुसती तू हवी आहेस.
तोंड फिरवलं की चमचा खाली.
बाटली ठेव, वाटी धर.
साखर नको. वरण, भोपळा, चालत असेल तर अंडं.
आणि कडेवरून उतरव त्याला.
पुढे काय होईल, मला नाही माहीत.
उंच होऊन सगळं जिरवेलही,
किंवा नाही.

कोऱ्या जागेत ठिपका दिला.
जुनं लिहिलेलं खोडलं नाही.
त्याखाली काय लिहावं, म्हणून पेन धरून बसले होते,
तेवढ्यात शर्विल सतरंजी सोडून
दाराशी काढलेल्या चपलांकडे रांगत निघाला.
आजी उठायला लागली.
प्रांजलीने तिच्या हातावर हात ठेवला.